जसपाल भट्टींचं मोल पुन्हा ठरवायचं तर

‘हो हो, फ्लॉप शो! काय दिवस होते,’ एवढ्यावर विनोदवीर जसपाल भट्टींचा विषय मिटतो. लोकांना ते आवडतात, पण त्यांची कारागिरी कुणी तपासत नाही. ती तपासायची तर दूरदर्शनवरच्या १९८९च्या ‘फ्लॉप शो’ या त्यांच्या उपहासात्मक मालिकेपासूनच सुरुवात करा. भाग दहाच आहेत, दोन रविवारांत होतात.

दोन-दोन मिनिटांचे तुकडे बघू नका. तुकड्यात टोमणा सापडतो, पण एकच लबाडी पायरी-पायरीने कशी वर चढते ते हरवतं. दीडपट वेगाने तर मुळीच नको, कारण भट्टींचा अर्धा विनोद वाक्यानंतरच्या गप्प बसण्यात आहे. श्रेयनामावली आणि शेवटचं विडंबनगीतही थट्टेचाच भाग आहे, तिथे उठू नका.

पहिल्यांदा नुसतं हसा. दुसऱ्यांदा वही घ्या आणि प्रत्येक प्रसंगापुढे एवढंच लिहा: इथे फायदा कुणाचा होतोय, आणि भट्टी कुठल्या बाजूला आहेत? पीएच.डी.च्या भागात विद्यार्थ्याला घरकामाला जुंपणारा गाइड खुद्द भट्टीच आहेत. लगेच ‘वागले की दुनिया’चा (१९८८) एक भाग लावा. आर. के. लक्ष्मण यांचा वागले सोसणारा माणूस. त्याची कीव येते. भट्टी मात्र खुर्चीत बसून, चेहऱ्याची इस्त्री न मोडता, लबाडी म्हणजे कार्यालयीन शिरस्ताच असल्यासारखे बोलतात. तेही सरकारी वाहिनीवर! ते शिकलेले इलेक्ट्रिकल इंजिनिअर, शिवाय चंदीगडच्या ‘ट्रिब्यून’मध्ये व्यंगचित्रं काढायचे. माणूस दोन रेषांत पकडायची सवय तिथली.

भट्टींचं दूरदर्शनवरचं ‘उल्टा पुल्टा’ आधीचं असलं तरी नंतर बघा. ते चिमूटभर लांबीचे तुकडे म्हणजे कच्ची रेखाटनं. पक्कं चित्र पाहिलेलं असलं की त्यांतलं काय पुढे वाढवलं ते चटकन ओळखू येतं.

निवाडा चुकतो तो बहुधा चित्रपटांमुळे. ‘माहौल ठीक है’ (१९९९) किंवा ‘पॉवर कट’वरून दूरदर्शनवरच्या कामाला गुण देऊ नका. ‘पॉवर कट’ तर २६ ऑक्टोबर २०१२ला आला, भट्टींच्या अपघाती निधनाच्या दुसऱ्याच दिवशी. त्या आठवड्यातलं लिखाण श्रद्धांजली म्हणूनच वाचावं. २०१३चं मरणोत्तर पद्मभूषणही पुरावा म्हणून धरू नका.

दुसरी चूक म्हणजे सगळं श्रेय एकट्या भट्टींना देणं. ‘फ्लॉप शो’चा एखादा प्रसंग फक्त सहकलाकार विवेक शौककडे बघत पुन्हा लावा. भट्टी थंड राहू शकतात, कारण समोरची धांदल शौक अंगावर घेतो. मग तोच प्रसंग, भट्टींच्या पत्नी सविता भट्टी त्यात असतील तर, त्यांच्याकडे बघत.

बायको-मेहुणीवरचे काही विनोद आज शिळे वाटतील. ते वहीत वेगळ्या पानावर उतरवा, पण गाळू नका.