मान-खांद्याचा मसाज घरी कसा करायचा, आणि हात हळू का हवा

बऱ्याच जणांना वाटतं की मसाज म्हणजे जेवढं जोरात रगडाल तेवढा फायदा, समोरचा कळवळला की बरोबर जागा सापडली. असं अजिबात नाहीये. जास्त दुखायला लागलं की माणूस अंग आखडून घेतो आणि जो स्नायू सैल करायला बसलात तोच अजून आवळतो. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते, हात हळू ठेवा.

हळू म्हणजे किती, तर सेकंदाला साधारण १ ते १० सेंमी. आपल्या अंगावर जिथे बारीक लव असते तिथल्या त्वचेत काही खास नसा असतात आणि त्यांना याच वेगाचा स्पर्श सगळ्यात जास्त कळतो, "बरं वाटतंय" हा निरोप त्याच मेंदूला देतात. मग श्वास संथ होतो, हृदयाचे ठोके थोडे कमी होतात, डोक्यातला गोंधळ जरा शांत होतो. मनाला मिळणारा आराम म्हणतात तो हाच, आणि माझ्या मते तोच मोठा फायदा आहे.

आता करायचं कसं. समोरच्याला खुर्चीवर उलटं बसवा, म्हणजे छाती खुर्चीच्या पाठीकडे, हात तिच्यावर टेकवून कपाळ हातांवर, कारण डोकं जवळपास ५ किलोचं असतं आणि ते तोलून धरायचं काम चालू असेपर्यंत मान सैल सुटणारच नाही. अंगठ्या काढा, नखं बघा, हात चोळून गरम करा, थोडंसं तेल घ्या. पहिली दोन-तीन मिनिटं फक्त पूर्ण तळवा मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत फिरवायचा, घाई नको.

मग ट्रॅपेझियस. मानेच्या बाजूने खांद्याकडे जाताना जो जाड पट्टा हाताला लागतो ना तो, कवटीच्या खालपासून पार पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला, स्क्रीनसमोर बसून बसून दगड होतो तो हाच. चिमटीत नाही, अख्ख्या पंजात धरायचा, उचलायचा, हलका दाबायचा, सोडायचा. गाठ लागली तर अंगठा तिथेच ठेवून २०-३० सेकंद थांबा, आणि अंगठ्याची ताकद लावू नका, स्वतःचं वजन थोडं पुढे टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी तुमचाच अंगठा दुखेल. मधेमधे विचारत राहा, दहापैकी किती दुखतंय? पाच-सहाच्या वर गेलं की प्रेशर कमी. शेवटी कवटीच्या खाली, मणक्याच्या दोन्ही बाजूंना खोलगट जागा असते तिथे बोटं गोल फिरवा, ताणामुळे डोकं दुखणाऱ्यांना इथे खूप बरं वाटतं.

मसाजने टॉक्सिन (अंगातली विषारी द्रव्यं) आणि लॅक्टिक ॲसिड (जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणारं आम्ल) बाहेर पडतं असं सगळीकडे सांगतात त्यावर विश्वास ठेवू नका. २०१२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या टीमने ११ तरुणांना दमेपर्यंत व्यायाम करायला लावून प्रत्येकाच्या एकाच पायाला १० मिनिटं मसाज दिला आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे नमुने तपासले. लॅक्टिक ॲसिडमध्ये काही फरक नव्हता, पण मसाजवाल्या पायात दाह वाढवणारे सिग्नल कमी होते. म्हणजे फायदा खरा आहे, कारण मात्र वेगळं.

काही गोष्टी कधीच नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला दाबायचं नाही, तिथे मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. मणक्याच्या हाडावर थेट जोर नाही. ताप, जखम, त्वचेचं इन्फेक्शन असेल तर राहू द्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. मानदुखीसोबत हाताला मुंग्या येत असतील किंवा हातातली ताकद कमी वाटत असेल तर मसाज करत बसू नका, सरळ डॉक्टर. आणि पाय चेपून द्यायला सांगितलं आणि एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी दिसली तर हातसुद्धा लावू नका, रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवून या.