पोरांच्या पोटगीची केस टाकायचीये, पण खर्च कोण देणार?

"केस टाकायला पैसे कुठून आणू" हे मला महिन्याभरात तीन जणींनी विचारलं, एक धनकवडीची मैत्रीण, एक आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येतात त्या मावशी, आणि तिसरी चक्क माझी आतेबहीण, जिला चांगली आयटीतली नोकरी आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी वकील नाहीये, पण लेकाच्या पोटगीसाठी पुण्यात शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात तीन वर्षं तारखा केल्यात.

आधी कोर्ट फी. महाराष्ट्रात बाईने पोटगीची केस टाकली तर कोर्ट फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या सरकारी नोटिफिकेशनने, आणि घटस्फोट, हिंसाचार, लग्नसंबंधातून आलेले प्रॉपर्टीचे वाद यांनापण तीच माफी. हे मला माहितच नव्हतं. माझ्या पहिल्या वकिलांनी कोर्ट फी म्हणून चार हजार घेतले, पावती मागितली तर म्हणे "ताई ते सगळं मिळून असतं". तर कुणी कोर्ट फी मागितली की कशाची ते विचारा आणि पावती घ्या. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, वकीलपत्रावरचं तिकीट असा किरकोळ खर्च होतोच, तो धरून चाला.

खरा खड्डा पडतो तो वकिलाच्या फीचा. त्यावर पहिला उपाय म्हणजे सरकारी मोफत वकील. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ बघा, बाई आणि मूल दोघांनाही मोफत वकील मिळतो आणि उत्पन्नाची अटच नाही, म्हणजे पोळीवाल्या मावशींनाही मिळेल आणि माझ्या आतेबहिणीलाही (ती आधी हसली, मग नंबर मागितला). शिवाजीनगरला जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे आधार, लग्नाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला घेऊन जा आणि अर्ज द्या. हेल्पलाइन १५१००. या वकिलाची फी प्राधिकरण देतं, त्याने तुमच्याकडे वर पैसे मागितले तर सरळ त्याच ऑफिसात तक्रार करा. फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ असं सगळेच सांगतात, मला तसं वाटत नाही, माझा दुसरा वकील तिथूनच मिळाला आणि पहिल्यापेक्षा बरा निघाला.

बाप केस लढत असेल तर त्यालाही मोफत वकील मिळू शकतो, पण त्याला उत्पन्नाच्या मर्यादेत किंवा एससी, एसटी, दिव्यांग अशा एखाद्या गटात बसावं लागतं.

आता मुख्य मुद्दा, समोरच्याकडून खर्च घेणे. पोटगीच्या केसला लोक अजून "१२५ टाकलंय" (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं कलम १२५) असंच म्हणतात, पण १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय. केस चालू असतानाच कोर्ट त्याला महिन्याची अंतरिम पोटगी आणि वर केसचा खर्च द्यायला लावू शकतं, आणि या अर्जाचा निकाल नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत लागावा असं कायद्यात आहे (त्यातला "शक्यतो" नीट वाचा, माझे सात महिने गेले). घटस्फोटाची केस हिंदू विवाह कायद्यात चालू असेल तर तिथे कलम २४, आणि ते दोन्हीकडून चालतं, कमाई नसलेला नवरासुद्धा बायकोकडून खर्च मागू शकतो.

पण हे आपोआप मिळत नाही. अर्जाच्या शेवटी मागण्या लिहितात तिथे मुलाची पोटगी इतकी आणि केसचा खर्च इतका असं वेगवेगळं लिहून घ्या, माझ्या पहिल्या अर्जात खर्चाची ओळच नव्हती आणि न मागितलेलं कोण देणार. फीच्या पावत्या, रिक्षाचे हिशोब, रजेचे कापलेले पगार सगळं एका फाइलला लावा. मिळतो तो आकडा कोर्टाला योग्य वाटेल तो, सगळी फी निघेल या आशेवर राहू नका, आणि हरला त्याने सगळं भरायचं असा नियमही नाही.

उत्पन्न लपवणं दोघांनाही महागात पडतं. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनी मालमत्ता आणि कर्जाचं अॅफिडेविट द्यायचंच असतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, त्यामुळे अर्ज टाकायला उशीर करू नका. मुलाच्या शिक्षणाचा खर्च सहसा बापाकडे, पण आई चांगली कमावत असेल तर कमाईच्या प्रमाणात वाटला जाऊ शकतो, हेपण त्याच निकालात आहे. आतेबहिणीला हे आवडलं नाही.

ऑर्डर झाली आणि पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज थकल्यापासून १ वर्षाच्या आत टाका, त्यानंतर १४४ खाली त्या हप्त्याच्या वसुलीचं वॉरंट निघत नाही. वॉरंट काढूनही भरलं नाही तर प्रत्येक थकीत महिन्याला १ महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आमच्याकडे नुसत्या वॉरंटच्या नावाने पाच महिन्यांची थकबाकी एका दुपारी आली.

तारखेला मेट्रोनेच जा, जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरा, तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास जातो आणि तेवढ्यात तुमचा पुकारा होऊन गेलेला असतो.