टॅरोमधली पृथ्वी कशी वाचावी: चौदा पत्ते, चौदा दिवस आणि मूठभर गहू

टॅरो म्हणजे भविष्य बघायला वापरतात ते चित्रांचे पत्ते. त्यांतला पेंटॅकल्सचा, म्हणजे नाण्यांच्या गटातला, पत्ता निघाला की समोरचा माणूस हमखास विचारतो, "पैसा येणार का?" चित्रात नाणी दिसतात, त्याला तो तरी काय करणार! पण टॅरोत पेंटॅकल्स म्हणजे पृथ्वी. तिच्यात पैशाच्या आधी शरीर येतं, घर येतं, हाताचं काम येतं आणि कुठल्याही गोष्टीला लागणारा वेळ येतो.

मला हे सदाशिव पेठेतल्या आत्यानं शिकवलं. तिच्यासाठी पत्ते मांडले तेव्हा पेंटॅकल्सची पंजी निघाली: बर्फातून चाललेले दोन कंगाल, मागे चर्चची उजळलेली खिडकी. मी चेहरा गंभीर करून म्हटलं, "आत्या, पैशांची चणचण दिसतेय." ती म्हणाली, "पेन्शन वेळेवर येतं गं. गुडघे गेलेत." पत्ता पुन्हा पाहिला, तर त्यातला एक जण कुबड्यांवर चालत होता. अर्थ पाठ करण्याच्या नादात मी चित्रच पाहिलं नव्हतं.

म्हणून ही पद्धत. चौदा दिवस लागतात.

तयारी

१९०९ साली लंडनला निघालेला, पामेला कोलमन स्मिथ यांनी चित्रं काढलेला रायडर-वेट डेक घ्या. ७८ पत्त्यांतून पेंटॅकल्सचे १४ वेगळे काढा: एक्का ते दश्शी, मग पेज (तरुण सेवक), नाइट (घोडेस्वार), राणी, राजा. आपल्या साध्या पत्त्यांत यांच्या जागी चौकट येते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

शेजारी एक परडी ठेवा. घटस्थापनेला घालतो तशी काळी माती घाला. नर्सरीतली लाल माती आणि थोडं शेणखतही चालेल. गणपतीतली उरलेली शाडू मात्र नको, ती घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. रात्रभर भिजवलेले मूठभर गहू पेरा. हा देवीचा घट नव्हे, सोवळं-ओवळं काही नाही. पत्ते आणि माती एकाच वेळी वाचायची, एवढाच हेतू.

रोज सकाळी

परडीवर पाणी शिंपडा, त्या दिवसाचा पत्ता उघडा आणि पाच मिनिटं नुसता बघा. अर्थाचं पुस्तक मिटलेलं. वहीत तीन गोष्टी लिहा: पायाखाली काय आहे, हात काय करताहेत, आणि हे काम किती दिवस चाललं असेल.

चारच्या पत्त्यावर हे करून बघा. माणसानं एक नाणं छातीशी कवटाळलंय, एक डोक्यावर आहे, दोन पायांखाली दाबलीत. पुस्तकं याला कंजूष म्हणतात. पण पाय उचलला तर नाणं सुटेल, म्हणजे याला जागचं हलताच येत नाही! भाड्याच्या भीतीनं नको असलेली नोकरी धरून बसलेल्या माणसाचाही हाच पत्ता.

सातव्या दिवशी सत्ती. शेतकरी अवजारावर रेलून वेलीला लागलेल्या नाण्यांकडे बघतोय. तोवर तुमचेही गहू चांगले वर आलेले असतात आणि तुम्हीही तसेच परडीपाशी उभे असता. या पत्त्याबद्दल मी आणखी काही सांगत नाही.

अठ्ठीच्या दिवशी जमलं तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत चक्कर मारा. पत्त्यात कारागीर बाकावर बसून नाण्यावर छिन्नी चालवतोय, तयार नाणी शेजारी टांगलेली. तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करणारा हात एका ठोक्याशेजारी दुसरा तसाच ठोका कसा टाकतो ते पाहिलं, की 'मेहनतीचं फळ' हा पुस्तकी अर्थ किती पुचाट आहे ते कळतं.

बाराव्या दिवशी नाइट. टॅरोतल्या चार घोडेस्वारांपैकी फक्त याचाच घोडा थांबलेला, मागे नांगरलेलं रान. उतावळ्या माणसानं या पत्त्यापाशी दोन दिवस काढले तरी हरकत नाही.

उलटा पत्ता

इथे मराठीच मदतीला येते. 'मातीतून सोनं काढलं' आपणच म्हणतो आणि 'सगळ्याची माती झाली' हेही आपणच. पत्ता उलटा, म्हणजे डोकं खाली, आला की ती माती कोरडी पडलीय का फार ओली झालीय, हे विचारा. कोरडी म्हणजे दुर्लक्ष, फार ओली म्हणजे अति काळजी. मला हे 'नुकसान होईल' यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतं.

आपलं पृथ्वीतत्त्व

टॅरोच्या चार सूटना, म्हणजे पत्त्यांच्या गटांना, चार तत्त्वं जोडलेली आहेत, आपली महाभूतं पाच. ओढूनताणून जुळवू नका. पण वृषभ, कन्या आणि मकर या पृथ्वीच्या राशी दोन्हीकडे त्याच. आपल्याकडे पृथ्वीचा गुण गंध, आकार पिवळा चौकोन, मूलाधार चक्राचा बीजमंत्र 'लं'. पत्ता बघण्याआधी परडीतल्या ओल्या मातीचा वास घ्या. डोळे मिटून करायच्या कित्येक ध्यानांपेक्षा हे लवकर जमतं.

एखादी सकाळ जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरला घालवा. आठव्या शतकात बसाल्टच्या अखंड खडकातून कोरलेलं देऊळ. आत गारव्यात दहा मिनिटं बसा, बाहेरच्या हॉर्नसकट.

शेवटच्या दिवशी

राजाच्या पत्त्यानंतर चौदाही पिसा आणि तीन काढा: मी काय पेरलंय, कशाला पाणी घालायचं राहिलंय, कशाला अजून वेळ द्यायचा. 'कधी' आणि 'किती रुपये' विचारू नका. कर्ज आणि गुंतवणूक यांसाठी तर पत्ते उघडूच नका, त्याला बँकेचे कागद असतात.

एव्हाना गव्हाची पाती पिवळी पडून आडवी व्हायला लागतात. ती कापून टाका, माती कुंडीत रिकामी करा. माझ्या तुळशीखाली अशा तीन परड्यांची माती आहे.