जूनमधलं न्यूझीलंड : साडेआठ तासांच्या उजेडात बसवलेली सहल

माझ्या पहिल्या कागदावर दहा दिवसांत नऊ गावं होती. क्राइस्टचर्चहून निघायचं, टेकापो, माउंट कुक, वानाका, क्वीन्सटाउन, मिलफर्ड, मग हास्ट खिंडीतून पश्चिम किनाऱ्यावर उतरून फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या दोन्ही हिमनद्या, होकिटिका, आर्थर्स पास आणि परत क्राइस्टचर्च. मी शाळेचं वेळापत्रक लावते. एका तासाला एकच शिक्षक दोन वर्गांवर टाकायचा नाही, हे मला झोपेतही कळतं. पण सहलीचा कागद हाती आल्यावर मी नेमकं तेच केलं होतं. गाडी चालवणारे आम्ही दोघं, मागच्या सीटवर गुडघेदुखीच्या सासूबाई, आणि महिना जून, म्हणजे दक्षिण गोलार्धातला ऐन हिवाळा.

सासूबाईंनी चष्मा लावून कागद वाचला आणि विचारलं, "अगं, यात उतरायचं कधी?"

तो कागद फाडला. त्यानंतर जे जमलं ते सांगते. नकाशा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा असला तरी हिशोबाची रीत कुठल्याही थंड देशाला चालेल.

सगळ्यात आधी 'ऑफ-सीझन' म्हणजे कुणाचा, ते बघा. जून-जुलै न्यूझीलंडचा हिवाळा, म्हणून सगळं स्वस्त आणि रिकामं असेल असं मी धरून चालले होते. क्वीन्सटाउन आणि वानाकाला तो स्कीइंगचा हंगाम. तिथले स्की-उतार साधारण जूनच्या मध्यावर उघडतात आणि जुलैत शाळांना दोन आठवडे सुट्टी असते. त्या दिवसांत क्वीन्सटाउनमध्ये खोली शोधणं म्हणजे दिवाळीत रेल्वेचं तिकीट शोधणं. शिवाय जूनच्या पहिल्या सोमवारी राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, म्हणजे लाँग वीकएंड. तो संपल्यावर स्कीवाले यायच्या आत जी फट सापडते, ती आम्ही पकडली. हा तुकडा शोधायला तिथल्या सुट्ट्यांचं कॅलेंडर पुरतं.

आता मुख्य हिशोब. किलोमीटर बाजूला ठेवा आणि उजेड मोजा. जूनमध्ये क्वीन्सटाउनला सूर्य साधारण साडेआठला उगवतो आणि पाचला मावळतो. हाती साडेआठ तास. पण सकाळी रस्त्यावर ब्लॅक आइस असतो, म्हणजे डांबरावर बसलेला बर्फाचा पातळ, काळाच दिसणारा पापुद्रा. डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर तो दहा-साडेदहापर्यंतही वितळत नाही. म्हणून आम्ही दहाच्या आधी निघायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी साडेचारला मुक्कामी. राहिले साडेसहा तास. त्यातून जेवणाचा एक, आणि सासूबाईंचे गुडघे मोकळे करायला, फोटोला, शौचालयाला मिळून आणखी दीड काढा. उरले चार. गूगल मॅप्स जो वेळ दाखवतो तो कोरड्या रस्त्याचा, न थांबता. हिवाळ्यात मी त्यात तिसरा हिस्सा वाढवते. म्हणजे नकाशावर तीन तासांपेक्षा जास्त दिसणारा दिवस आमच्या वेळापत्रकात बसतच नाही.

या चाळणीतून पहिला कागद गाळला तर काय झालं बघा. क्वीन्सटाउन ते मिलफर्ड साउंड, म्हणजे डोंगरांत आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी, २८८ किलोमीटर, नकाशावर जवळजवळ चार तास. जाऊन-येऊन आठ. बोटीची फेरी त्यावर दोन तास. म्हणजे साडेआठ तासांच्या उजेडात दहा तासांचं काम, तेही होमर बोगद्याच्या घाटातून. कितीतरी लोक ही सहल एका दिवसात 'करतात'. बसने करत असतील तर ठीक आहे, झोप तरी होते. स्वतः गाडी चालवून हिवाळ्यात करू नका.

पश्चिम किनारा मी पूर्ण काढून टाकला. वाईट वाटलं. वानाकाहून फॉक्स ग्लेशियर अडीचशेहून जास्त किलोमीटर. मध्ये हास्ट सोडलं तर वस्ती विरळ, आणि एवढ्या रस्त्यावर दरड आली तर पर्यायी रस्ताच नाही. नवऱ्याला हिमनदी बघायचीच होती. त्याला माउंट कुकजवळची टास्मन हिमनदी दाखवून गप्प केलं. वर्तुळाकार प्रवासाचा हट्टही सोडला : गाडी क्राइस्टचर्चला घ्यायची, क्वीन्सटाउनला सोडायची. एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडण्याचे जास्त पैसे पडतात, पण परतीचे दोन दिवस वाचतात.

शेवटी असं उरलं. क्राइस्टचर्चला एक रात्र, कारण लांबच्या विमानातून उतरून लगेच गाडी चालवायची नाही. टेकापोला तीन, वानाकाला दोन, मिलफर्डच्या वाटेवरच्या टे आनाउला तीन आणि क्वीन्सटाउनला दोन रात्री. सगळं मिळून तेराशे किलोमीटरच्या आसपास. दोन गावांमधलं सगळ्यात लांब अंतर वानाका ते टे आनाउ, पावणेतीनशेच्या घरात. नकाशावर ते तीन तासांच्या थोडं वर जातं. एवढी एक सूट मी स्वतःला दिली.

टेकापोला तीन रात्री बघून मैत्रिणी हसल्या. गाव केवढं, तर तळं, १९३५ सालचं दगडी चर्च आणि चार दुकानं. पण २०१२ पासून हा सगळा भाग डार्क स्काय रिझर्व्ह आहे, म्हणजे तारे नीट दिसावेत म्हणून दिव्यांचा उजेड आवरलेला राखीव प्रदेश, आणि हिवाळ्याची रात्र लांबलचक. उजेड कमी असल्याचा तोटा इथे फायद्यात जमा होतो. तारीख ठरवताना मी अमावास्या बघितली, तीसुद्धा आयुष्यात पहिल्यांदाच चांगल्या कामासाठी. ढगांचं मात्र कुणी सांगू शकत नाही, म्हणून तीन रात्री. दोन ढगात गेल्या. तिसऱ्या रात्री साडेसातला सासूबाई मोटेलच्या मागच्या अंगणात गोधडीसारखी जाड रजई गुंडाळून उभ्या होत्या आणि आकाशगंगा इतकी खाली आली होती की त्या हळू आवाजात बोलायला लागल्या.

माउंट कुकचं गाव टेकापोहून साधारण १०५ किलोमीटर. तिथे राहायचं सोडून मी टेकापोहून जाऊन-येऊन केलं, कारण हाताशी दोन मोकळे दिवस होते आणि डोंगर ज्या सकाळी दिसेल त्या सकाळी निघता येत होतं. मोकळा दिवस कुठे ठेवायचा याचा माझा नियम पक्का झालाय : जी गोष्ट हवामानावर अवलंबून आहे, तिच्या गावातच ठेवायचा. सगळे मोकळे दिवस सहलीच्या शेवटी जमा केले तर ते खरेदीत जातात.

हे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं टे आनाउला. तिथून मिलफर्डचा रस्ता १२० किलोमीटरच्या आत. पण शेवटचा भाग हिमस्खलनाच्या पट्ट्यातून जातो. साधारण मे ते नोव्हेंबर हा धोका धरतात. धोका वाढला की रस्ता बंद करतात, वर साचलेला बर्फ मुद्दाम पाडतात, रस्ता साफ करतात आणि मग पुन्हा उघडतात. त्या पट्ट्यात गाडी थांबवायला मनाई असते. पाटी लागली असेल तर चाकांच्या साखळ्या जवळ असाव्याच लागतात. मोबाइलला रेंज नाही. पेट्रोलची टाकी टे आनाउलाच भरायची. मग येतो होमर बोगदा, सव्वा किलोमीटरचा, १९३५ साली कुदळ-फावड्याने खणायला सुरुवात झालेला, आत उतार आणि भिंती ओबडधोबड. बोगद्याच्या तोंडाशी किआ नावाचे हिरवे पहाडी पोपट गाडीचं रबर कुरतडायला टपलेले असतात. त्यांना खायला घालू नका, कितीही शहाणा चेहरा केला तरी.

आमच्या पहिल्या दिवशी रस्ता बंद होता. बोटीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढलं होतं, ते दुसऱ्या दिवसावर ढकललं. बोट दुपारी साडेबाराच्या सुमाराची ठरवली होती. सकाळची घेतली असती तर अंधारात आणि गोठलेल्या रस्त्यावर निघावं लागलं असतं, आणि दुपारची उशिराची घेतली असती तर परतताना. दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला, साखळ्या जवळ ठेवण्याच्या अटीवर. दहाचा नियम मोडून सव्वानऊला निघालो, कारण खडी टाकणारी गाडी पुढे गेल्याचं मोटेलवाल्या बाईंनी सांगितलं होतं. पाच वाजायच्या आत परत.

त्या बंद दिवसाचा उपयोग आम्ही साखळ्या शिकायला केला. गाडीच्या कंपनीने दिलेली पिशवी मोटेलच्या आवारात उघडली, आणि साखळी चाकावर चढेचना. अर्धा तास गुडघ्यावर बसून झटापट केल्यावर नवऱ्याने टायरवरचा आकडा वाचला : २२५, ६५, १७. पिशवीवरचा आकडा वेगळाच. हे बर्फात, हिमस्खलनाच्या पट्ट्याच्या तोंडाशी कळलं असतं तर? टे आनाउला साखळ्या भाड्याने मिळतात, तिथून बरोबर मापाच्या आणल्या. त्यांची पहिली खेप पंचवीस मिनिटं, तिसरी नऊ. सासूबाईंनी टॉर्च धरला होता आणि त्या मोठ्याने मिनिटं मोजत होत्या. म्हणून गाडी ताब्यात घेतानाच टायरवरचे तीन आकडे आणि पिशवीवरचे जुळवा, आणि गाडी पुढच्या चाकांवर चालते की चारही, तेही विचारा. पुढच्या चाकांवर चालत असेल तर साखळ्या पुढच्याच चाकांना लागतात.

वानाकाहून क्वीन्सटाउनच्या बाजूला खाली येताना दोन रस्ते फुटतात. क्राउन रेंजचा जवळचा, १,०७६ मीटर उंचीवरून जाणारा. आणि क्रॉमवेलवरून कावाराऊच्या घळीतला, लांबचा पण खालून. हिवाळ्यात मी दुसराच घेते आणि कुणाशी वाद घालत नाही. टेकापो-वानाका मधल्या लिंडिस खिंडीला (९७१ मीटर) असा सोयीचा पर्याय नाही, म्हणून त्या दिवसाची तारीख एक दिवस मागे-पुढे होईल अशी खोली घेतली होती. रोज रात्री जेवणाआधी दोन गोष्टी बघायच्या : मेटसर्व्हिसचा, म्हणजे तिथल्या हवामान खात्याचा, खिंडींवरच्या बर्फाचा इशारा आणि तिथल्या वाहतूक विभागाचा रस्त्यांचा नकाशा. सकाळी निघताना पुन्हा.

गाडी चालवण्याबद्दल थोडक्यात. डावीकडून चालवायची, त्यामुळे आपल्याला सोपं. मोकळ्या रस्त्याला मर्यादा १००, पण ती मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. एकपदरी पूल भरपूर. गोल पाटीवर तुमच्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर समोरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. निळ्या चौकोनी पाटीवर तुमचा बाण मोठा आणि पांढरा असेल तर आधी तुम्ही. मागे गाड्या साचल्या की डावीकडे जागा बघून वाट द्या.

कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घ्यायची का, असं सगळे विचारतात. उन्हाळ्यात जरूर. जूनमध्ये पाचला अंधार पडल्यावर झोपेपर्यंतचे पाच तास तिघांनी त्या डब्यात काढायचे, मला नाही जमणार. तिथल्या मोटेलच्या खोलीत बहुतेक वेळा छोटं स्वयंपाकघर असतं आणि अंथरुणावर विजेची गरम चादर. छोट्या गावांत हिवाळ्यात जेवणाची ठिकाणं लवकर बंद होतात, तेव्हा तांदूळ आणि डाळ मोठ्या गावातच घेऊन ठेवा. मोटेलचं ऑफिसही लवकर बंद होतं. उशीर होणार असेल तर किल्ली कुठे ठेवणार ते फोन करून विचारा. घरून खाऊ न्यायचा असेल तर विमानतळावर फॉर्मवर लिहा, सगळा लिहा. न सांगता नेलेल्या एका सफरचंदालाही ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे.

शेवटचा दिवस. क्वीन्सटाउनचा विमानतळ डोंगरांच्या कुशीत आहे आणि हिवाळ्यात धुक्याने किंवा बर्फाने विमानं अडतात. तिथून सकाळी निघून त्याच दुपारी ऑकलंडहून घरचं विमान, असं जोडू नका. आम्ही ऑकलंडला एक रात्र ठेवली होती. विमान चार तास उशिरा सुटलं, आणि सासूबाई विमानतळावर पूर्ण वेळ झोपल्या.