डोहात उडी मारण्याआधी तळ कसा मोजायचा

तुम्हाला कड्यावरून डोहात उडी मारायची आहे, पोहता येतं, सोबत आणखी तिघं तरी आहेत आणि कोणी प्यायलेलं नाही, हे धरून चालतो. जिथे बंदीचा फलक आहे त्या डोहाचा विचारच सोडा.

आधी दिवस निवडा. आषाढ ते भाद्रपद नदीत उडी नाही. नाशकात ऊन असतं आणि त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस कोसळत असतो. गंगापूर धरणाखाली सोमेश्वरच्या बाजूला तर पाणी विसर्गावर चढतं. शहरात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते बघून पूर कळतो, डोंगरातल्या ओढ्यावर ती सोय नाही. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा वाहत आला की कपडे न घालता निघा, कपडे नंतर. दिवाळीनंतर गाळ बसतो, तळ दिसायला लागतो. तेव्हा जा.

आता मुख्य काम, तळ मोजणं. यावर जितका चुकीचा सल्ला मिळतो तितका कशावरच मिळत नाही. ‘दगड टाकून आवाज ऐक.’ आवाजावरून खोली कळत नाही. ‘पाणी काळंशार आहे म्हणजे खोल आहे.’ काळ्या खडकावर हातभर पाणीही काळंशारच दिसतं. ‘गावातली पोरं मारतात की.’ ती पोरं एकाच दगडावरून, एकाच जागी मारतात, आणि ती जागा त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. त्यांना कुठून मारायची ते विचारूच नका, कुठे मारायची नाही ते विचारा. मला एका पोराने सांगितलं होतं, ‘तिकडं नका मारू दादा, खाली ओटा हाये.’ तिथे खरोखरच ओट्यासारखा सपाट खडक होता, कमरेएवढ्या पाण्याखाली.

आपला कडा बेसाल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. वर तो जसा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, तसाच पाण्याखालीही उतरतो. त्यात पात्रातले रांजणखळगे. एका जागी ४ मीटर पाणी, हातभर बाजूला दीड. निघोजला कुकडीच्या पात्रात हे खळगे उघडे बघायला मिळतात, ते बघून आलात तर डोहाच्या तळाशी काय असू शकतं ते कळेल.

मी हे पाय मोडून घेऊन शिकलो. बारा वर्षांपूर्वी त्र्यंबकच्या बाजूच्या एका डोहावर कड्यावरूनच दोरीला दगड बांधून खाली सोडला. ४ मीटर भरले. दोन उड्या छान झाल्या. तिसऱ्या वेळी ओला पाय शेवाळावरून सरकला आणि मी पुढे न जाता कड्याला लागूनच पडलो. तिथे पाण्याखाली दीड मीटरवर एक पायरी होती. पाण्यात आवाज झाला नाही, टाच एकदम बधिर झाली, आणि काठावर पाय टेकवायला गेलो तेव्हा टेकवेना. टाचेचं हाड फुटलं होतं. तीन महिने घरात बसलो. मी मोजली होती ती उडी नीट झाली तर पडायची जागा. मोजायला हवी होती घसरलो तर पडेन ती.

म्हणून माप कड्याला चिकटून सुरू करा आणि बाहेर न्या. कड्यावरून नाही, पाण्यात उतरून. नायलॉनची दोरी घ्या, दर अर्ध्या मीटरला गाठ, दर मीटरला लाल चिंधी. वजनाला दीड-दोन किलोचा दगड, कांद्याच्या जाळीच्या गोणीचा तुकडा कापून त्यात बांधलेला. नुसता बांधलेला गोटा निसटतो. हवा भरलेल्या ट्यूबवर एक जण बसतो आणि दर अर्ध्या मीटरला दगड तळाला टेकवतो. कड्यापासून ४ मीटर बाहेर, आणि दोन्ही बाजूंना २-२ मीटर. काठावरचा माणूस आकडे लिहितो. सत्तर-ऐंशी मापं होतात, तासभर जातो. तो तास कंटाळवाणा वाटत असेल तर उडी मारू नका, खरंच सांगतो.

एवढ्याने भागत नाही. पुरात वाहून आलेला झाडाचा खुंट पाण्यात उभा असतो आणि दगड त्याच्या बाजूने सरळ खाली जातो. म्हणून दुसरी दोरी घ्या, तिच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये दगड बांधा, ती ४ मीटर खोल लोंबकळेल अशी दोन ट्यूबांवरून सोडा आणि दोघांनी जाळं ओढावं तशी मोजलेल्या सगळ्या जागेत फिरवा. कुठेही अडकली की तो डोह बाद. मग गॉगल लावून एकाने बुडी मारून बघायचं, पण कपारीत शिरायचं नाही.

माझा आकडा ठरलेला आहे. ५ मीटरच्या उडीला मोजलेल्या सगळ्या जागी ४ मीटर पाणी. एक माप जरी कमी आलं तरी घरी. ५ मीटर खाली यायला साधारण एक सेकंद लागतो, पाण्याला टेकताना वेग ताशी ३५ किलोमीटर असतो. स्पर्धेतल्या १० मीटरच्या मंचाखाली ५ मीटर पाणी ठेवतात, आणि तिथला तळ सपाट असतो. ५ मीटरच्या वर मी जात नाही, कोणाला नेतही नाही.

निघताना कड्याच्या टोकापासून पाण्यापर्यंतचं अंतर लिहून ठेवा. पुढच्या खेपेला ते अर्ध्या मीटरने वाढलेलं दिसलं तर उंची वाढली आणि खोलीही तेवढीच घटली. पुन्हा मोजा.

उडी सोपी आहे. पाय जुळवून, हात अंगालगत, पायांवर. सूर नाही, मुटका नाही. पायात जुने कॅनव्हासचे बूट. एका वेळी एकच, आणि काठावर ट्यूबला बांधलेली दोरी हातात घेऊन एक जण उभा.

कोणी बुडायला लागलं तर ट्यूब फेका, मागोमाग उडी टाकू नका. मान-पाठ दुखते म्हणाला तर त्याला उताणा तरंगत ठेवा, डोकं, मान आणि धड एका रेषेत धरा, ओढून काढू नका. श्वास थांबलेला असेल तर मात्र तो आधी. बाहेर घ्या, तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत. पोट दाबून पाणी काढायचा किंवा उलटं धरून फिरवायचा प्रकार करू देऊ नका, आजूबाजूचे लोक हमखास तोच आग्रह धरतात. १०८ ला फोन करायचा असतो, आणि घळीत बहुतेक ठिकाणी रेंज नसते. म्हणून पोहोचल्यावर पाण्यात उतरण्याआधी वर कुठल्या दगडाशी रेंज मिळते ते बघून ठेवा, आणि ती जागा चौघांनाही दाखवा.