उसातली पिले ‘वाचवताना’ होणाऱ्या या चुका टाळा

दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास ऊसतोडणी सुरू झाली, की वन्यप्राणी वाचवण्याच्या कामात असलेल्या मला जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातून एकाच तऱ्हेचे फोन येऊ लागतात: “फडात बिबट्याची पिल्लं सापडली आहेत, आई सोडून गेली आहे.” यातली दोन्ही विधाने बहुधा चुकीची असतात. अंगावर फिकट पट्टे असलेली ती पिले पुष्कळदा रानमांजराची असतात, आणि आई कोयत्यांच्या आवाजाला बिचकून शेजारच्या न तोडलेल्या उसात दबून बसलेली असते. माणसाचा हात लागलेले पिलू आई टाकून देते, ही समजूत तर मनातून कायमची काढून टाकावी.

पिले घरी नेणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका उत्साही तरुणाने अशी तीन पिले कांद्याच्या जाळीदार गोणीत घालून घरी नेली, गावभर फोटो पाठवले आणि दोन दिवस ड्रॉपरने गाईचे दूध पाजल्यानंतर मला फोन केला. मी पोहोचलो तेव्हा एका पिलाच्या नाकातून दुधाचे बुडबुडे येत होते आणि ते रात्र काढू शकले नाही. उरलेल्या दोघांना वन विभागाच्या कर्मचाऱ्यांसोबत आम्ही संध्याकाळी त्याच बांधावर भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवले, समोर कॅमेरा लावला आणि गाडी लांब नेऊन उभी केली. पहिली रात्र कोरी गेली. दुसऱ्या रात्री आई आली, क्रेटभोवती बराच वेळ घुटमळली, एकाला मानेला धरून घेऊन गेली आणि काही वेळाने दुसऱ्यासाठी परतली. तिसऱ्यासाठी ती पुन्हा आली आणि रिकामा क्रेट हुंगून निघून गेली. त्या तरुणाला मी ते चित्रीकरण मुद्दाम दाखवले. कठोरपणा झाला असेल, परंतु त्याचा मला पश्चात्ताप नाही.

दुधाविषयी सविस्तर सांगणे भाग आहे. गार पडलेल्या पिलाला दूध पचत नाही, म्हणून आधी कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी त्याला ऊब द्यावी. मांजरीच्या दुधाच्या तुलनेत गाईच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश कमी आणि दुग्धशर्करा जास्त असते, त्यामुळे हगवण लागते व पिलू कोरडे पडते. त्याला माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजले, की दूध फुप्फुसात उतरते. मी स्वतः पिलाला पालथेच ठेवतो, त्याने चोखल्याशिवाय थेंबही सोडत नाही, आणि आई मिळण्याची शक्यता असेल तर पाजण्याच्या भानगडीत पडतच नाही.

इतर प्राण्यांबाबतही अशाच चुका होतात. जखमी पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. भेकराला गर्दीत धरून ठेवू नये. वरवर धडधाकट दिसणारे हरीणही पकडल्याच्या धसक्याने दगावते. घारीला नुसते बिनहाडाचे मांस घालू नये, कारण कॅल्शियमअभावी वाढत्या पिलाची हाडे वाकतात. पिलाला नाव ठेवण्याचा मोहही आवरावा.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार वन्य प्राणी परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे, म्हणून पहिला फोन वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर करावा. “आधी बरे करू, मग कळवू” म्हणणाऱ्यांना बहुधा मृत्यूच कळवावा लागतो, हे मी अनुभवाने सांगतो.

शेवटची चूक घाईची आहे. संक्रांतीनंतर मांजाने पंख कापलेल्या घारी येतात आणि टाके सुकले की आणणाऱ्याला त्या लगेच उडालेल्या पाहायच्या असतात. पिंजऱ्यात एका फांदीवरून दुसरीवर जाणे म्हणजे उडणे नव्हे. मोठ्या पिंजऱ्यात चोच न वासता तिने सलग फेऱ्या मारल्या आणि उतरताना दोन्ही पंख सारखे मिटले, तरच मी तिला सोडण्याचा विचार करतो, तोवर “सोडली का?” या फोनला माझे उत्तर “नाही” एवढेच असते.