पांढऱ्या आईची मातकट पिल्लं: उंदरांच्या रंगाची जनुकं अभ्यासताना या चुका टाळा

ऊसतोडीचे दिवस होते. प्राणिगृहात पाय ठेवते न ठेवते तोच मामा पिंजरा उचलून पुढ्यात. "मॅडम, रानातलं उंदीर घुसलंय बघा ह्यात. ऊस तुटला की येत्यातच ही."

पिंजऱ्यात बाल्ब-सी जातीची पांढरीशुभ्र मादी होती आणि सी५७ ब्लॅक-६ जातीचा कुळकुळीत काळा नर. त्यांची सात पिल्लं, बारा दिवसांची. एकही पांढरं नाही, एकही काळं नाही. सातही मातकट, थेट बांधावरच्या उंदरासारखी. एम.एस्सी.च्या मुलीने नोंदवहीत "बाहेरील नर?" असं लिहून खाली लाल रेघ मारली होती आणि अख्खं वेत काढून टाकायचं का, असं विचारत होती. जाळी शाबूत, झाकण घट्ट. बाहेरचा नर येणार कुठून?

पिल्लं अगदी जशी व्हायला हवी होती तशीच झाली होती. सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाचं प्राणिगृह मी सांभाळते. दर जूनला नवी मुलं येतात आणि त्याच चुका नव्याने करतात. त्यातल्या ज्यांनी सगळ्यात जास्त उंदीर आणि महिने वाया घालवले, त्या इथे लिहिते.

पांढरा उंदीर कोरा नसतो

ही चूक सगळ्यात मोठी, म्हणून तिला जागाही जास्त देते.

केसातलं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तयार व्हायला पहिली पायरी टायरोसिनेज या विकराची (एन्झाइमची). प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांत त्याच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे साखळीतल्या १०३ क्रमांकाच्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन बसतं आणि विकर निकामी होतो. बिघाड एवढाच. रंगाची बाकीची जनुकं जागच्या जागी असतात, फक्त त्यांना काम मिळत नाही. साखर कारखान्याचं गाळपच बंद असेल तर आत दाणेदार साखर होणार होती की बारीक, हे गेटवर उभं राहून कसं कळणार?

बाल्ब-सी उंदराच्या आत दोन गोष्टी दडलेल्या असतात. एक, अगूटी जनुकाच्या दोन्ही प्रती चालू. प्रत्येक केसावर पिवळा पट्टा काढून जंगली मातकट रंग देणारं जनुक ते हेच. दोन, काळ्याऐवजी तपकिरी रंग देणाऱ्या दोन प्रती. काळ्या सी५७ उंदराकडे नेमकं उलट: अगूटी बंद, काळा रंग चालू, टायरोसिनेज ठणठणीत. पिल्लाला दोघांकडून एकेक प्रत मिळते. टायरोसिनेजची चांगली प्रत बापाकडून, अगूटीची आईकडून, काळ्याची पुन्हा बापाकडून. तिन्ही प्रभावी, म्हणजे एकच प्रत पुरते. म्हणून सातच्या सात पिल्लं मातकट. यांतलं एखादं पांढरं निघालं असतं तर मात्र मी स्वतः लाल रेघ मारली असती.

याच पिल्लांचा आपसांत संकर केला की खरी गंमत सुरू होते. दर ६४ पिल्लांमागे सरासरी २७ अगूटी, ९ काळी, ९ सिनॅमन (म्हणजे अगूटीच, पण काळ्याच्या जागी तपकिरी), ३ चॉकलेटी आणि १६ पांढरी. पुस्तकातून मात्र ९:३:४ (अगूटी, काळी, पांढरी) पाठ केलेलं असतं. ज्या मुलाला अगूटी आणि सिनॅमन यांतला फरक दिसत नाही, तो सिनॅमन अगूटीत आणि चॉकलेटी काळ्यात टाकतो. मग त्याचा हिशोब ३६:१२:१६, म्हणजे चोख ९:३:४ येतो आणि तो खूश. ज्याची नजर चांगली, त्याला पाच रंग दिसतात आणि तो "मॅडम, माझं गुणोत्तर चुकलं" म्हणत रडवेला होऊन येतो. कमी बघणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात, असे काही प्रयोग असतात त्यातला हा एक.

स्विस अल्बिनोच्या बाबतीत सावधगिरी दुप्पट हवी. १९२६ मध्ये क्लारा लिंच यांनी लोझानहून अमेरिकेत नेलेल्या नऊ उंदरांपासून हा गोतावळा वाढला. तो बाल्ब-सीसारखा भावा-बहिणींच्या संकरातून एकसारखा केलेला नाही. त्यामुळे दोन स्विस माद्यांच्या पांढऱ्या चादरीखाली वेगवेगळं काही असू शकतं. एका जोडीचा निकाल दुसरीला लावू नका.

लांबून रंग ठरवणं

ट्यूबलाइटखाली, पिंजऱ्याच्या जाळीतून बघून "ब्राऊन" असं लिहिलेल्या नोंदी मी सरळ खोडते. ब्राऊन म्हणजे नक्की काय? अगूटी, सिनॅमन, चॉकलेटी की फिकट झालेला काळा?

मामा आटपाडीकडचे, घरी खिल्लार जनावरं. कोसा, काजळी, बांडं असे जनावरांच्या रंगांचे शब्द त्यांच्या तोंडी रोजचे. पाठीवर पांढरे ठिपके असलेला उंदीर त्यांनी पहिल्या दिवशीच "बांडा" म्हणून वेगळा ठेवला होता. आमच्या नोंदवहीत तो महिनाभर नुसता "काळा" होता.

करायचं ते सोपं आहे. पाठीच्या मधोमधचे दोन-चार केस चिमट्याने काढा, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि भिंगातून बघा. केस टोकाशी काळा, त्याखाली पिवळा पट्टा आणि खाली पुन्हा गडद असेल तर अगूटी. पट्टाच नसेल तर अगूटी नाही. मात्र केस पाठीचेच घ्या. काळ्या उंदरालाही कानांपाशी आणि शेपटीच्या बुडाशी थोडे पिवळे केस असतात. तिथून केस घेऊन एकाने अख्खं काळं वाण अगूटी ठरवलं होतं.

सगळ्यात जास्त फसवतो तो 'डायल्यूट'. १९०९ मध्ये क्लॅरेन्स लिटल यांनी सुरू केलेल्या डीबीए या सगळ्यात जुन्या अंतःप्रजनित (भावा-बहिणींच्या संकरातून एकसारख्या केलेल्या) वाणाचं नावच डायल्यूट, ब्राऊन आणि नॉन-अगूटी यांच्या आद्याक्षरांवरून आलंय. तिथे रंगद्रव्य कमी नसतं. ते रंगपेशीच्या फांद्यांच्या टोकापर्यंत वाहून नेणारं प्रथिन, मायोसिन-५ए, बिघडलेलं असतं. त्यामुळे रंगाचे कण केसात गुठळ्या होऊन बसतात आणि लांबून केस राखाडी दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या लगेच ओळखू येतात. सी५७ आणि डीबीए यांच्या दुसऱ्या पिढीत काळा, चॉकलेटी, निळसर राखाडी आणि फिकट चॉकलेटी यांचं प्रमाण ९:३:३:१ येतं. त्यातल्या निळसर राखाडीला अगूटी लिहिलेल्या दोन प्रोजेक्ट फाइल्स माझ्या कपाटात आहेत.

वय बघूनच नोंद करा. जन्मतः सगळी पिल्लं गुलाबी असली तरी मिटलेल्या पापण्यांतून डोळा गडद दिसतो की नाही, ते पहिल्याच दिवशी कळतं. कातडीवर रंग तीन-चार दिवसांत उतरू लागतो आणि दहाव्या दिवसापर्यंत अंगभर लव येते. पण पक्का रंग दूध तोडताना, २१व्या दिवशीच लिहा. पहिल्या दिवशी फक्त दोनच गोष्टी: पिल्लं किती आणि डोळे कसे. मोजताना हातमोज्यांना त्याच पिंजऱ्यातला भुसा चोळून घ्या. परका वास आला की आई बिथरून पिल्लं खाऊन टाकू शकते. मग तुमचं गुणोत्तर तिच्या पोटात.

आठ पिल्लांवरून निकाल

दोन्ही पालक रंगीत, दोघेही पांढऱ्याचे वाहक, म्हणजे पांढऱ्याची एकेक प्रत आत दडलेले. चारात एक पांढरं यायला हवं. आठ पिल्लं झाली, एकही पांढरं नाही, म्हणून "वाहक नाहीत" असा शेरा मारला. आठांपैकी एकही पांढरं न येण्याची शक्यता चक्क १० टक्के आहे. वाहक आहे की नाही हे तपासायचं तर रंगीत उंदीर थेट पांढऱ्याशी लावा. तो वाहक असेल तर निम्मी पिल्लं पांढरी अपेक्षित. सात पिल्लं होऊनही एक पांढरं नाही, तर वाहक असण्याचा संशय बराच मावळतो. वाहकाच्या बाबतीत असं घडण्याची शक्यता १२८ मध्ये एक.

याहून चोरटी चूक वेगळीच आहे. जोडी वाहक आहे की नाही हे माहीत नसतं, म्हणून मुलं ज्या वेतात पांढरं निघालं तेवढीच वेतं हिशोबात धरतात. चार-चार पिल्लांची वेतं असतील तर वाहक जोड्यांचीही जवळजवळ ३२ टक्के वेतं पांढऱ्याशिवाय जातात. ती वगळली की पांढऱ्यांचं प्रमाण २५ ऐवजी सुमारे ३७ टक्के दिसतं. मग नव्या जनुकाचा शोध लागल्याच्या थाटात कोणीतरी दार वाजवतं.

किती वेतं लागतील हे आधीच काढून ठेवा. संस्थेच्या प्राणी आचारसंहिता समितीकडच्या अर्जात उंदरांचा आकडा लिहावाच लागतो. टेस्ट क्रॉसची (वाहक तपासायला पांढऱ्याशी केलेल्या संकराची) पिल्लं त्यात धरायला विसरलात तर वर्षाच्या मध्यात पुन्हा अर्ज करावा लागतो.

पिवळे उंदीर आणि न जन्मलेली पिल्लं

ल्यूसियाँ क्वेनो या फ्रेंच संशोधकाने १९०५ मध्ये दाखवलं की पिवळ्या उंदरांचं शुद्ध वाण काही केल्या मिळत नाही. दोन पिवळ्यांच्या पोटी बिनपिवळी पिल्लं निघतातच. १९१० मध्ये कॅसल आणि लिटल यांनी याचा उलगडा केला. पिवळ्याच्या दोन प्रती मिळालेला भ्रूण गर्भाशयात रुजण्याच्या सुमारासच मरतो, म्हणून ३:१ ऐवजी २:१ दिसतं. पुढे कारणही कळलं: डीएनएचा एक तुकडा गळाला आहे. त्यामुळे अगूटी जनुक शेजारच्या रॅली या जनुकाच्या बटणावर चालतं आणि सगळीकडे, सदोदित चालू राहतं. गेलेल्या तुकड्याबरोबर तिथली शेजारची जनुकंही निकामी झालेली असतात. एक प्रत गेली तर निभावतं, दोन्ही गेल्या तर नाही.

इथे मुलं दोन गोष्टींत चुकतात. मेलेली पिल्लं भुशात शोधत बसतात. ती तिथे नसतातच. शोधायचं ते वेताच्या आकारात, तो सरासरीने लहान झालेला दिसतो. दुसरं, २४ पिल्लांवर २:१ सिद्ध झाल्याचं लिहितात. १६ पिवळी आणि ८ बिनपिवळी आली तर ३:१ च्या अपेक्षेशी ताडून काय-वर्ग (अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतली तफावत मोजणारा आकडा) ०.८९ येतो, नाकारण्याची सीमा आहे ३.८४. म्हणजे ३:१ नाकारता येत नाही. हेच प्रमाण २४० पिल्लांत आलं, १६० आणि ८०, तर काय-वर्ग ८.८९. तेव्हा बोला.

आणि पिवळा दिसला की आधी अंगावरचं पुसून बघा. आमच्याकडे ओळखीच्या खुणेसाठी पिक्रिक ॲसिड लावतात, त्याने केस गर्द पिवळे होतात. एकदा तर हळदीच्या अर्काचं मलम लावलेला स्विस उंदीर चुकून दुसऱ्या पिंजऱ्यात गेला आणि दोन दिवस आम्ही "उत्परिवर्तन" म्हणून त्याचे फोटो काढत होतो. सांगलीत राहून हळद ओळखता आली नाही, हे मामा अजून ऐकवतात.

पोटावरच्या पांढऱ्या ठिपक्याचंही तसंच. सी५७ उंदरांत लहानसा पांढरा ठिपका अधूनमधून दिसतोच. मारामारीत जखम झालेल्या जागी केसही पुष्कळदा पांढरे येतात. संशय असेल तर त्या उंदराची पिल्लं बघा. जखम पुढच्या पिढीत जात नाही.

जनुकं वेगळी धरणं

९:३:३:१ हे जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतील, किंवा एकावरच असूनही एकमेकांपासून पुरेशी दूर असतील, तेव्हाचं. अल्बिनो आणि गुलाबी-डोळा ही दोन्ही जनुकं सातव्या गुणसूत्रावर जवळजवळ आहेत; त्यांचा संकर पुस्तकी गुणोत्तर देणार नाही. सस्तन प्राण्यांतलं सहलग्नतेचं (जवळची जनुकं बरोबरच पुढे जाण्याचं) हे पहिलं उदाहरण १९१५ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन, त्यांची बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांनी छापलं. स्प्रंट तोवर युद्धात मारले गेले होते. हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले आणि इथेच राहिले.

प्रयोगाला चुकीच्या रंगाचा उंदीर

स्मरणशक्ती तपासायच्या पाण्याच्या चक्रव्यूहात उंदीर खुणा बघून वाट शोधतो. एफव्हीबी जातीचा उंदीर पांढरा, सी३एच जातीचा अगूटी आणि काळ्याभोर डोळ्यांचा. पण दोघांच्याही डोळ्याचा पडदा दूध तुटण्याच्या वयातच निकामी झालेला असतो. डोळ्याच्या रंगावरून नजर ठरवू नका.

आमच्या भागात फार्मसीच्या मुलांना माका-जास्वंदीच्या तेलाची हौस फार. केस वाढतात का, हे बघायला ती स्विस उंदीर मागतात, कारण तोच स्वस्त आणि हाताशी असतो. काळ्या सी५७ उंदराची पाठ भादरली तर साधारण सातव्या आठवड्यात कातडी गुलाबी असते, म्हणजे केसांची मुळं विश्रांतीत. वाढ सुरू झाली की तीच कातडी राखाडी आणि मग काळी होते, कारण वाढत्या केसाच्या मुळाशीच रंग तयार होत असतो. ही खूण स्विस उंदरात दिसतच नाही. सी५७ घेतला तरी भादरताना आधीच राखाडी असलेले उंदीर बाजूला काढा. केस मेण लावून उपटू नका, कारण उपटण्यानेच वाढ सुरू होते आणि श्रेय तेलाला जातं. यंदाच्या गटाला हे सांगितलं तेव्हा त्यांचे १२ पैकी पाच उंदीर आधीच राखाडी निघाले. उरलेल्या सातांवर दोन गट होत नव्हते, म्हणून त्यांनी नवे मागवलेत. ते सहा आठवड्यांचे व्हायची वाट बघताहेत.